हट्टी बी

कंपनीत त्यांना सगळे शब्दबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागे म्हणजे इतक्या मोठ्यानं की पहिल्याच आठवड्यात ते त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी राग मानला नाही. उलट नाव बरोबर आहे की नाही ते मनातल्या मनात तपासून पाहिलं आणि बरोबर आहे असं ठरवून टाकलं. अशी ती बाई होती.

कंपनी बियाण्यांची. टोमॅटो, काकडी, कोबी, सूर्यफूल, असलं सगळं पाकिटांत भरून विकायची. वरच्या ऑफिसातून इंग्रजी कागद यायचे, ते शब्दबाईंनी मराठी करायचे आणि मग पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात छापायचे. बारीक म्हणजे किती, तर विकत घेणाऱ्यांपैकी एक जण तरी ते वाचत असेल यावर पाकिटं भरणाऱ्या बायकांचा अजिबात विश्वास नव्हता. शब्दबाईंचं टेबल पाकिटांचा हॉल आणि उगवण तपासायची खोली यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत होतं. एका काचेतून हॉल दिसायचा, दुसऱ्या काचेतून ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उभ्या केलेले ट्रे. बियांना चोळायच्या औषधाचा गुलाबी रंग हॉलमधून उडत यायचा आणि त्यांच्या फायलींवर, चष्म्यावर, डब्याच्या झाकणावर बसायचा. घरी गेल्यावरही नखांच्या कडेला थोडा राहायचाच.

घरी त्यांचे यजमान. ते चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून भिंगं घासायचे, म्हणून गल्लीत ते चष्मेवाले. स्वतः मात्र चष्मा लावत नसत. दोघांना मूल नव्हतं. त्याची रुखरुख असेलच, पण ती दोघांनीही कधी फारशी बोलून दाखवली नाही. बोलायला त्यांच्याकडे दुसरं पुष्कळ होतं. संध्याकाळच्या चहाला शब्दबाई दिवसभरात अडलेला शब्द काढायच्या आणि नवऱ्यापुढे ठेवायच्या.

"आज डॉर्मंट आलाय."

"कोण तो?"

"अहो, बी. जिवंत असतं पण उगवत नाही. कोशात सुप्त दिलंय."

"झोपलंय म्हण की."

"पाकिटावर झोपलंय लिहू? साहेब मलाच घरी झोपायला पाठवतील."

"मग सुप्त लिही आणि वाचणाऱ्यांना झोपू दे."

एका वर्षी साहेबांच्या डोक्यात टूम निघाली. कंपनीच्या कॅलेंडरात दर महिन्याला बियांशी नातं असलेला एक इंग्रजी शब्दप्रयोग द्यायचा आणि खाली त्याचा अर्थ. शब्दबाईंना तर हर्षच झाला. सीड मनी म्हणजे धंदा उभा करायला लागणारं पहिलं भांडवल. टेनिसमधला सीडेड खेळाडू म्हणजे मानांकन देऊन अशा बेतानं ठेवलेला, की दुसऱ्या तगड्या खेळाडूशी त्याची सुरुवातीलाच गाठ पडू नये. सीडी हॉटेल म्हणजे कळकट, चारचौघात नाव सांगायला लाज वाटेल असं. आणि भाजी वेळेवर काढली नाही, तिला तुरा आला, तिनं बी धरलं, की ती खायच्या कामाची राहत नाही. त्यावरून इंग्रज लोक गॉन टू सीड म्हणतात ते स्वतःकडे लक्ष न देता ढेपाळलेल्या माणसाला.

"हे सांगताना तू माझ्या पोटाकडे का बघतेस?" चष्मेवाले म्हणाले.

सोइंग वाइल्ड ओट्स या महिन्यावर मात्र गाडी अडली. रानटी ओट पेरणं असं शब्दाला शब्द ठेवून होतं, पण अर्थ असा की तरुणपणी नको ते उद्योग करून घेणं. हॉलमध्ये बायका काम करतात म्हणून साहेबांनी तो महिना कापला. बायकांना हे कळलं तेव्हा त्यांनी शब्दबाईंना जेवणाच्या सुट्टीत गाठून अर्थ वदवून घेतला आणि पोट धरधरून हसल्या. पुढे कितीतरी दिवस कुणाचा नवरा उशिरा घरी आला की दुसरी विचारायची, "ओट पेरायला गेले होते का गं?"

त्याच सुमाराला ती जोडी आली. नव्या कामगारांसाठी पुस्तिका काढायची होती, तिच्यात दोन शब्द होते. ऑर्थोडॉक्स सीड आणि रिकॅल्सिट्रंट सीड. पहिल्या जातीचं बी वाळवा, थंडीत ठेवा, वर्षानुवर्षं टिकतं. दुसऱ्या जातीचं वाळवलं की मरतं, थंडीत ठेवलं की मरतं. फळातून निघालं की ओलं असतानाच ते मातीत जायला हवं.

शब्दबाईंनी कोश धुंडाळून सनातनी बी आणि अवज्ञाकारी बी असे शब्द आणले आणि त्या दिवशीच्या चहाला नवऱ्यापुढे ठेवले. चष्मेवाल्यांनी कप खाली ठेवला.

"हे बी आहे की सासू-सुनेचं भांडण?"

"थट्टा नको. शब्द द्या."

"पहिलं गुणी. वाळ म्हटलं वाळलं, थांब म्हटलं थांबलं. आणि दुसरं हट्टी."

"गुणी बी आणि हट्टी बी," शब्दबाईंनी म्हणून पाहिलं. इतकं साधं आणि इतकं नेमकं काही त्यांना स्वतःला सुचलं नसतं, आणि हे त्यांनी नवऱ्याला सांगितलंही. चष्मेवाले दोन दिवस ताठ मानेनं हिंडत होते.

साहेबांनी हट्टी बी काढून टाकलं. आपण फळझाडं विकतच नाही, मग तो परिच्छेद कशाला, म्हणाले. हट्टी गेलं तेव्हा गुणी म्हणायलाही कारण उरलं नाही. पुस्तिकेत नुसतं बी राहिलं आणि त्याखाली शब्दबाईंचं जुनं वाक्य: बी कोरड्या, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावे. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर पाकिटामागून पाकिटावर लिहिलं. शेवटी शेवटी ते लिहिताना त्या काय लिहितायत याकडे त्यांचं स्वतःचंही लक्ष नसायचं.

आता झाडाबद्दल सांगायला हवं. त्यांच्या भाड्याच्या घरामागे लिचीचं झाड होतं. लावलं चष्मेवाल्यांनी, पण त्याची बी रुजवली होती त्यांच्या थोरल्या बहिणीनं. लहानपणी बहीणभाऊ मागच्या पायरीवर बसून लिच्या खायचे आणि बिया कोण लांब थुंकतं याची शर्यत लावायचे. शर्यत भाऊ जिंकायचा. हरलेल्या बहिणीनं एकदा रागाच्या भरात त्याची बी उचलून रंगाच्या रिकाम्या डब्यात पुरली, म्हणजे पुन्हा थुंकायला नको. ती उगवली. तो डबा पुढे भावाबरोबर त्याच्या संसारात आला आणि घरामागच्या जमिनीत उतरला. म्हणून लिच्या लागल्या की पहिली टोपली बहिणीकडे जायची. शब्दबाई त्यांना वन्सं म्हणत.

लिचीची बी काय देखणी असते! गडद तपकिरी, गुळगुळीत, आत्ताच पॉलिश केलेल्या बुटासारखी. चष्मेवाले ती अंगठ्यानं पुसून उजेडात धरायचे आणि म्हणायचे, अशी झळाळी मला भिंगाला आणता येत नाही. आंब्याची कोय, फणसाची आठळी, चिंचेचा चिंचोका, कापसाची सरकी, सगळ्यांना मराठीत आपापलं नाव, आणि लिचीच्या बीला काहीच नाही, याचं त्यांना वाईट वाटायचं. तू एवढे शब्द करतेस, हिला एक नाव दे की, म्हणायचे. देते, देते, असं शब्दबाई म्हणायच्या आणि ते राहून जायचं.

ते गेले तेही लिच्यांच्याच दिवसांत. सकाळी त्यांनी स्वतः शिडी लावून टोपलीभर लिच्या उतरवल्या, ओट्यावर ठेवल्या, वन्संची टोपली संध्याकाळी भरू असं सांगून दुकानात गेले. दुपारी दुकानातला माणूस धावत आला. भिंग घासता घासता खुर्चीतच मान टाकली होती. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

माणसं आली, बसली, गेली. येणाऱ्यांपुढे कुणीतरी त्याच टोपलीतल्या लिच्या ठेवत होतं आणि कुणीतरी बिया एका वाडग्यात गोळा करत होतं. सगळे पांगल्यावर घरात दोघीच राहिल्या, शब्दबाई आणि वन्सं. वन्संनी निघताना तो वाडगा उचलला.

"वहिनी, यातल्या थोड्या मला दे. अशाच ओल्या रुमालात बांधून नेते."

शब्दबाईंना वन्संच्या गॅलरीतल्या कुंड्या आठवल्या. त्या कुंड्यांत प्लास्टिकचं फूल खोचलं असतं तरी कोमेजलं असतं. एकीत मनीप्लांट मेला होता आणि एकीत सिगारेटची थोटकं होती, वन्संच्या यजमानांची. त्या कुंड्यांत या बिया? यांच्या हातच्या शेवटच्या?

"वन्सं, असं ओलं न्यायचं नसतं हो. कुजतील. मी नीट वाळवून ठेवते. मग देते तुम्हाला."

"अगं, दोन तर दे."

"माझं आयुष्य बियांत गेलंय," शब्दबाई म्हणाल्या. आवाज जरा चढलाच. "मला जास्त कळतं की तुम्हाला?"

वन्संनी वाडगा खाली ठेवला. रिकामा रुमाल घडी करून पर्समध्ये टाकला आणि त्या गेल्या.

त्याच दिवशी शब्दबाईंनी बिया धुतल्या, कागदावर पसरल्या, पंख्याखाली सावलीत ठेवल्या. दुःखात माणसाच्या हातांना काम लागतं आणि हे काम तर त्यांच्या हातांना पाठ होतं. बियांची झळाळी उतरली, साल सुरकुतली, वाडग्यात टाकल्या की खुळखुळ वाजायला लागल्या. छान वाळल्या, असं शब्दबाईंच्या मनात आलं. कंपनीतून आणलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या त्यांनी काचेच्या बाटलीत घातल्या, वर बिया घातल्या, फिरकीचं झाकण घट्ट लावलं. बाटलीवर लेबल चिकटवून सुवाच्य अक्षरात लिहिलं: लिची, घरचं झाड. बाटली फ्रिजमध्ये मागच्या बाजूला गेली. कोरडी, थंड आणि अंधारी जागा.

वर्षभरानं घरमालक दारात उभा राहिला. भला माणूस होता, म्हणूनच आडून आडून बोलत होता. मागे गाडीसाठी शेड बांधायची होती.

"झाड मध्ये येतंय. पण चष्मेवाल्यांचा त्याच्यात जीव होता, मला ठाऊक आहे. तुम्ही नको म्हणालात तर शेड पुढच्या बाजूला बांधतो. तुम्ही सांगाल तसं."

आणि शब्दबाई काय म्हणाल्या? आज सांगतानाही त्यांच्यावर ओरडावंसं वाटतं. त्या म्हणाल्या, "तोडा हो. माझ्याकडे बिया आहेत."

झाड तोडलं त्या दिवशी त्या कामावर गेल्या. वाईट वाटत होतं, पण पोटात एक समाधानही होतं, की आपण आधीच तजवीज करून ठेवली. वन्संना कळलं तेव्हा त्यांचा फोन आला. "मला सांगायचं तरी," एवढंच त्या म्हणाल्या. शब्दबाईंनी त्यांची समजूत काढली: बिया सुखरूप आहेत, झाडाचं काय, दुसरं होईल. वन्संनी त्यानंतर एकदोनदा विचारलं, बिया देतेस का. शब्दबाईंचं उत्तर ठरलेलं. आत्ता नको, जागा मिळू दे, मी रोप करूनच देते. मग वन्संनी विचारणं सोडलं. फोनवर बोलणं व्हायचं, पण ते गुडघ्यांबद्दल आणि रक्तदाबाबद्दल.

शब्दबाई दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला गेल्या. बाटली सोबत गेली. फ्रिज बिघडला तेव्हा शेजारणीच्या फ्रिजमध्ये राहून आली. मधून मधून त्या बाटली काढून उजेडात धरायच्या, हलवून पाहायच्या आणि परत ठेवायच्या. लावायचा धीर मात्र होत नव्हता. कुंडीत लिचीचं झाड थोडंच होतं, असं त्या स्वतःला सांगायच्या. खरं म्हणजे भीती वाटत होती. बाटलीत होत्या तोवर त्या सगळ्या उगवणाऱ्या होत्या.

निवृत्त झाल्यावर इमारतीच्या कमिटीनं मागच्या बाजूची पाण्याच्या टाकीशेजारची जागा त्यांना दिली. ऊन होतं, माती बरी होती. शब्दबाईंनी माणूस लावून खड्डा खणून घेतला, त्यात खत घातलं, भोवती विटा लावल्या. मग वन्संना फोन केला.

"वन्सं, यंदा लावतेय. एक रोप तुमचं."

पलीकडे वन्सं हसल्या, अगदी पूर्वीसारख्या. "फळं खायला मी कुठे असणार गं! पण दे. पानं तरी बघेन. त्याची पानं लहानपणी तांबूस यायची, आठवतं मला." फोन ठेवेपर्यंत त्या भावाच्याच गोष्टी सांगत होत्या. किती वर्षांनी. शब्दबाईंना वाटलं, सगळं जागेवर आलं.

बिया बाहेर काढायच्या आदल्या दिवशी कंपनीतून फोन आला. त्यांच्या टेबलावर आता दुसरी बाई बसत होती, हुशार, पण कोश समोर ठेवून घाबरणारी.

"मॅडम, कंपनी आता फळझाडांत उतरतेय. रिकॅल्सिट्रंट सीडला काय लिहू? कोशात भलभलते शब्द आहेत."

शब्दबाई खुर्चीत सावरून बसल्या. किती दिवसांनी कुणीतरी शब्द विचारत होतं.

"हट्टी बी," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या. आमच्या घरात झालेला शब्द आहे तो."

"वा! आणि खुलासा?"

"या बीला थांबवता येत नाही. वाळवलं की मरतं. फ्रिजमध्ये ठेवलं की मरतं. फळातून काढलं की ओलं असतानाच लावायचं, फार तर ओल्या कापडात गुंडाळून न्यायचं." वाक्यं कशी झरझर येत होती. त्यांचं त्यांनाच बरं वाटत होतं.

"एकदोन उदाहरणं द्या ना."

"उदाहरणं खूप. आंबा, फणस, कोको, रबर, लि..."

जीभ तिथेच थांबली.

"मॅडम? शेवटचं काय म्हणालात?"

"लिची," शब्दबाई म्हणाल्या. "लिची लिहा." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मग त्या उठल्या, फ्रिज उघडला, बाटली काढली. आत सुरकुतलेल्या, फिक्या, हलक्या बिया. त्यांनी बाटली हलवली नाही. या बिया अलीकडे मेल्या नव्हत्या. ज्या आठवड्यात चष्मेवाले गेले त्याच आठवड्यात, पंख्याखाली, कागदावर मेल्या होत्या. त्यानंतरची सगळी वर्षं शब्दबाई लेबल लावून, फ्रिजमध्ये घालून, शेजारणीची मनधरणी करून मेलेल्या बिया जपत होत्या.

त्यांना माहीत नव्हतं असं असतं तरी चाललं असतं. एखाद्या अडाण्याच्या हातून होतं तसं झालं, म्हणता आलं असतं. पण शब्द त्यांच्याच घरात, त्यांच्याच चहाच्या कपांमध्ये जन्मला होता. त्याच्यावर दोघं हसले होते. आणि ज्यांनी तो दिला त्यांच्या बियांच्या वेळी तो आठवला नाही. आठवलं काय, तर पाकिटावरचं वाक्य.

तरीही आशा कुणाला सुटली आहे? एखादी तरी असेल, असं त्यांना वाटलं. शास्त्राला अपवाद असतात. त्यांनी पसरट ट्रेमध्ये वाळू घेतली, उकळून थंड केलेलं पाणी शिंपडलं आणि बिया लावल्या. सगळ्याच्या सगळ्या. तपासणीला घेताना बी राखायचं नाही, जितकं जास्त तितका निकाल भरवशाचा, हा उगवण खोलीचा शिरस्ता. एकही बाजूला ठेवावी असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

बिया फुगल्या नाहीत. आधी त्यांच्यावर पांढरी बुरशी आली, मग ती करडी झाली, मग वास सुटला. शब्दबाईंनी एक उचलून बोटानं दाबली. आतून पातळ चिखल निघाला. दुसरी दाबली, तिसरी दाबली. शेवटच्या बीपर्यंत दाबून पाहिलं, कारण तपासणी अर्धी सोडायची नसते. मग सगळा ट्रे कचऱ्याच्या पिशवीत उलटा केला, पिशवीला गाठ मारली, पिशवी खाली कचरा नेणाऱ्या गाडीत गेली. ट्रे घासून ठेवला. बाटली साबणानं धुतली, पुसली, उन्हात वाळवली. हे सगळं आवरून झाल्यावर त्या ओट्याला टेकून खाली बसल्या आणि रडल्या. यजमान गेले तेव्हा रडल्या नव्हत्या इतक्या.

झाड आठवत होतं. घरमालक दारात उभा होता, तुम्ही सांगाल तसं म्हणत होता. नुसतं नको म्हणायचं होतं. निदान झाड उभं असताना फांदीलाच मुळं फुटावीत म्हणून तिच्यावर एक गुटी कलम बांधून ठेवलं असतं तरी आज रोप असतं. आणि त्याच्याही आधी, वन्संचा तो रुमाल होता. थोटकांच्या कुंडीत का होईना, त्या ओल्या बिया रुजल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी त्या वन्संकडे गेल्या. फोनवर सांगता आलं असतं, पण तेवढी लाज त्यांना होती. वन्सं आता एकट्याच होत्या. त्यांचे यजमान जाऊनही दिवस झाले होते. गॅलरीत एका कुंडीत नवी माती भरलेली दिसत होती, काळी, भुसभुशीत. शब्दबाईंनी तिकडे पाठ करून खुर्ची घेतली.

"रोप आणलंस?" वन्संनी विचारलं.

शब्दबाईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. हट्टी बी म्हणजे काय तेही सांगितलं, शब्द कुणी दिला तेही. वन्सं ऐकत होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.

"म्हणजे मी मागितल्या तेव्हा दिल्या असत्यास तर..."

"उगवल्या असत्या."

"माझ्याकडेसुद्धा?"

"तुमच्याकडेसुद्धा, वन्सं. कुणाकडेही."

खालून कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज आला, थांबला. मग वन्सं खुर्चीत जरा पुढे सरकल्या.

"जाऊ दे. झालं ते झालं. मेल्या तर मेल्या. त्या मेलेल्याच दे मला."

शब्दबाईंना कळेना.

"अगं, मला बाग कुठे करायची होती? माझ्या हाताला काही येत नाही, मला काय माहीत नाही? त्यानं शिडीवर चढून उतरवल्या होत्या त्या. त्यातल्या दोन डब्यात ठेवायला हव्या होत्या मला, बाकी काही नाही. मला तेव्हा तुला नीट सांगता आलं नाही. तू एकदम बियांवर बोलायला लागलीस."

कशाला हव्यात, असं शब्दबाईंनी तेव्हाही विचारलं नव्हतं आणि नंतरही कधी नाही. साऱ्या जन्मात इतक्या शब्दांचे अर्थ शोधत बसलेली ही बाई, आपल्या नणंदेला एवढं विचारायला तिला सुचलं नाही.

"त्याही नाहीत, वन्सं," त्या म्हणाल्या. "सगळ्या वाळूत लावल्या. कुजल्या. टाकून दिल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"एकही नाही ठेवलीस?"

शब्दबाईंनी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी पिशवीत हात घातला. निघताना त्यांनी ती बाटली का उचलली ते त्यांना सांगता आलं नसतं. रिकाम्या हातानं येववेना म्हणून असेल. ती त्यांनी वन्संच्या हातात दिली. लेबल अजून होतं, कडा फक्त उचलल्या होत्या. वन्संनी ते वाचलं. झाकण फिरवून काढलं, आत पाहिलं, बाटली नाकाशी नेली आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

"कसलाच वास येत नाही गं."

"धुतली मी," शब्दबाई म्हणाल्या.

वन्संनी झाकण परत लावलं. बाटली त्यांनी परत मात्र दिली नाही. दोन्ही हातांत धरून मांडीवर ठेवली आणि शब्दबाई निघेपर्यंत तशीच धरून बसल्या.